९० मिनिटांच्या हिशोबाने झोपूनही सकाळी डोकं जडच? मग हे तपासा

प्रॉब्लेम असा आहे. कुठेतरी वाचलं की झोप ९० मिनिटांच्या चक्रांमधे येते, चक्राच्या मधेच उठलं की डोकं जड आणि चक्र संपताना उठलं की एकदम फ्रेश, म्हणून तुम्ही उठायच्या वेळेतून नव्वद नव्वद मिनिटं वजा करत मागे आलात, आडवं व्हायची वेळ काढली, दोन दिवस बरं वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. गजर वाजतोय, हात आपोआप तिकडे जातोय, उठलात तरी अर्धा पाऊण तास समोरचा काय बोलतोय ते डोक्यात शिरत नाही. मग परत ते झोपायची वेळ काढून देणारं ऑनलाइन कॅल्क्युलेटर, परत नवीन वेळ, परत दोन दिवस बरं.

मी हे जवळजवळ वर्षभर केलंय. रात्री सव्वाबाराला झोप आणि सकाळी सव्वासहाला गजर, बरोब्बर ६ तास, बरोब्बर ४ चक्रं, आणि वर लोकांना सांगत पण फिरायचो की अहो सात तास झोपण्यापेक्षा सहा तास झोपा, सात म्हणजे चक्र मधे तुटतं. आता आठवलं की हसू येतं. आणि सुट्टीच्या दिवशी दोन ते दहा झोपायचो, ते मात्र हिशोबात धरायचोच नाही.

उत्तर आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. हा बिघाड बहुतेक वेळा चक्राच्या गणितात नसतोच. एकूण झोप कमी पडतेय किंवा उठायची वेळ रोज वेगळी आहे, या दोनपैकी एक असतं, माझ्यासारख्यांचं दोन्ही असतं. आता हे असं का ते सांगतो, कारण कारण कळलं नाही तर माणूस परत कॅल्क्युलेटरकडेच जातो.

ते ९० आलं कुठून

१९५३ मधे शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी मांडलं की झोपलेल्या माणसाचे डोळे रात्रीतून काही काही वेळाने बंद पापण्यांखाली भराभर हलतात. हीच रेम झोप, ठळक स्वप्नं बहुतेक हिच्यातली. मग १९५७ मधे विल्यम डिमेंट आणि क्लाइटमन यांनी रात्रभराचे मेंदूचे आलेख काढून दाखवलं की हलकी झोप, गाढ झोप, परत हलकी आणि मग रेम असा फेरा रात्रभर चालू असतो. एका फेऱ्याला सरासरी ९० मिनिटं.

सरासरी. सगळी गडबड इथेच आहे. एक फेरा साधारण ७० पासून १२० मिनिटांपर्यंत काहीही असू शकतो, माणसागणिक वेगळा, आणि एकाच माणसाचा एकाच रात्रीत पण वेगळा, पहिला बऱ्याचदा छोटा असतो. आता हिशोब करून बघा. तुमचा फेरा सरासरी ८० मिनिटांचा असेल तर ५ फेरे ६ तास ४० मिनिटांत संपले, १०० चा असेल तर तेच ५ फेरे ८ तास २० मिनिटांवर गेले. आणि कॅल्क्युलेटर दोघांनाही सांगणार साडेसात तास. म्हणजे एका फेऱ्यात दहाच मिनिटांचा फरक होता पण सकाळपर्यंत तो साचून पन्नास मिनिटांचा झाला, वर झोप लागायला किती वेळ गेला ते आपण अंदाजानेच धरलेलं, एक दिवस दहा मिनिटांत लागते, एक दिवस चाळीस. ज्या टोकाला आपल्याला मिनिटांचा नेम हवा आहे नेमकं तिथेच सगळ्यात जास्त धूसर झालेलं असतं.

मग दोन दिवस बरं का वाटलं? मला वाटतं कारण त्या दोन दिवशी आपण हौसेने वेळेवर झोपलो, एवढंच.

आता यातली चांगली बातमी. गाढ झोप, जिच्यातून उठवलं की माणूस बधिर होतो, ती मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात असते, पहिल्या दोन तीन फेऱ्यांत. जसजशी पहाट होते तसतशी गाढ झोप आटत जाते आणि रेमचा वाटा वाढत जातो. आपल्याकडे साखरझोप हा शब्द आहे ना, तो उगाच नाही आलेला, पहाटेची झोप पातळ असते, स्वप्नांची असते, आणि मोडली की जीवावर येतं ते वेगळं. तर मुद्दा असा की पुरेशी झोप झालेल्या माणसाला सकाळी चक्राच्या अगदी मधे उठवलं तरी तो बहुतेक हलक्या झोपेतून नाहीतर रेममधूनच उठणार, गाढ झोप तिथे फारशी शिल्लकच नसते. त्यामुळे मिनिटांचा नेम चुकला म्हणून एवढं काही बिघडत नाही.

मग तरी डोकं जड का? कारण जो कमी झोपलाय त्याच्याकडे गाढ झोपेची उधारी असते.

तर पहिलं हे बघा: टोटल झोप किती होतेय

उठल्या उठल्या जी गुंगी असते तिला स्लीप इनर्शिया म्हणतात. ती सगळ्यांनाच असते, साधारण १५ ते ३० मिनिटं, कधी तासभर. म्हणजे डोळे उघडल्यावर पहिली वीस मिनिटं जड गेली म्हणून "आज चक्र चुकलं" असं धरू नका, ते नॉर्मल आहे. उठल्यावर तासाभराने कसं वाटतंय ते बघायचं. तेव्हाही झापड असेल, बसल्या बसल्या डुलकी येत असेल, दुपारी पेंग येत असेल तर मात्र मोजायला घ्या.

प्रौढ माणसासाठी अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१५ मधे जी शिफारस केली ती रोज ७ तास किंवा जास्त अशी आहे. सहा तास म्हणजे चार पूर्ण चक्रं, असली पळवाट त्यात कुठेही नाही. २००३ मधे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या व्हॅन डाँगन, डिंगेस वगैरेंनी लोकांना १४ रात्री रोज ६ तासच झोपू दिलं, त्यांची लक्ष देण्याची वगैरे क्षमता इतकी घसरली की एक दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाशी तुलना व्हावी. आणि मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे त्या लोकांना स्वतःला ते तेवढं जाणवत नव्हतं, थोडी झोप येतेय म्हणाले, बाकी ठीक. मी पण वर्षभर "मला सहा पुरतात" असंच म्हणायचो की.

मग कॅल्क्युलेटर काय करतं, तर साडेचार, सहा, साडेसात, नऊ असे पर्याय समोर मांडतं आणि उशीर झालेला असतो म्हणून आपण सहा उचलतो आणि वर समाधान की चक्र तर पूर्ण झालं. सहा आणि साडेसहा यात निवडायचं असेल तर साडेसहा घ्या, सात जमत असतील तर सात. अर्धा तास जास्त झोप ही सरळ अर्धा तास जास्त झोप असते.

आणि बिछान्यात आडवं पडलेला वेळ आणि झोपेचा वेळ एक नाही. झोप लागायला दहा वीस मिनिटं जातात, मधे मधे जाग येते ती वेगळी. सात तास झोप हवी तर बिछान्यात साडेसात तास द्यावे लागतात.

दुसरं: सुट्टीच्या दिवशी किती वाजता उठता

इथे माझं घोडं अडलेलं होतं. कामाच्या दिवशी सव्वाबारा ते सव्वासहा म्हणजे झोपेचा मध्य सव्वातीनला. सुट्टीला दोन ते दहा म्हणजे मध्य सहाला. पावणेतीन तासांचा फरक. हे म्हणजे दर आठवड्याला विमानात बसून तीन टाइम झोन पलीकडे जायचं, दोन रात्री राहायचं आणि कामाच्या पहिल्या दिवशी परत यायचं. टिल रोनेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मधे याला सोशल जेटलॅग असं नाव दिलं. स्वतःचा आकडा काढा, दोन मिनिटांचं काम आहे, कामाच्या दिवसाचा मध्य, सुट्टीचा मध्य, वजाबाकी. तासाभराच्या आत असेल तर हा मुद्दा सोडून पुढे जा. दोन तासांच्या वर असेल तर बाकी काही दुरुस्त करायच्या आधी हेच करा, कारण हे तसंच ठेवून बाकीचे उपाय केले तर ते दर आठवड्याला पुसले जातात.

का पुसले जातात ते पण सांगतो. झोप दोन गोष्टींवर चालते, हे मॉडेल आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मधे मांडलं आणि अजूनही तेच वापरतात. एक म्हणजे झोपेचा दाब, जितका वेळ जागे तितका तो वाढत जातो, मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचतं हे त्यामागचं एक कारण. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, हे जागेपणा कितीही असो आपल्या तालात चालतं. सुट्टीच्या दिवशी दहाला उठलात की रात्री अकरापर्यंत तुम्ही तेराच तास जागे आहात, दाब पुरेसा नाही, आणि घड्याळ पण उशिराकडे ढकललं गेलंय कारण सकाळचा उजेड चुकला. मग रात्री या कुशीवरून त्या कुशीवर, एक वाजतो, सकाळी गजर, डोकं जड, आणि दोष कोणाला तर चक्राला.

सुट्टीला जास्त झोपूच नका असं मी म्हणत नाही, उधारी असेल तर फेडावीच लागते. पण ती आधल्या रात्री लवकर झोपून फेडा. उठायची वेळ जास्तीत जास्त तासभर सरकवा.

तिसरं: घड्याळच उशिरावर आहे का

हे जरा नीट वाचा कारण इथे लोक उलटं करतात. रात्री शरीराचं तापमान उतरत जातं आणि सगळ्यात कमी होतं ते आपल्या नेहमीच्या, गजराशिवाय उठायच्या वेळेच्या साधारण दोन तास आधी. त्या वेळेच्या आसपास उठवलं की गुंगी सगळ्यात वाईट. आता माझ्यासारखा माणूस, ज्याचं शरीर मोकळं सोडलं तर दहाला उठतं, त्याचा हा तळ सकाळी आठच्या आसपास. सव्वासहाचा गजर म्हणजे त्याच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्रीच उठवल्यासारखं झालं. तिथे चार चक्रं काय आणि पाच चक्रं काय.

घड्याळ हलवायचं मुख्य साधन उजेड. डोळ्यात काही खास पेशी असतात ज्या बघण्यासाठी नाही तर उजेड किती आहे हे मेंदूतल्या मुख्य घड्याळाला कळवण्यासाठी असतात. आपलं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांपेक्षा थोडं लांब आहे, दहा एक मिनिटं, म्हणजे त्याला रोज कोणी मागे ओढलं नाही तर ते आपणहून उशिराकडे घसरतं, आणि ओढायचं काम सकाळचा उजेड करतो. घरातला दिवा शे दोनशे, फार तर तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर ढगाळ असलं तरी हजारो लक्स असतात, म्हणून खिडकीपाशी मोबाईल घेऊन बसणं आणि वीस तीस मिनिटं बाहेर जाणं यात फार फरक आहे. संध्याकाळनंतरचा झगझगीत उजेड याच्या उलटं करतो, घड्याळ उशिराकडे ढकलतो.

पण तापमानाच्या तळाच्या आधी डोळ्यावर आलेला जोरदार उजेड पण घड्याळ उशिराकडेच नेतो. म्हणून दहाला उठणाऱ्याने एकदम उद्यापासून पाचला उठून उन्हात पळायला जाणं बऱ्याचदा फसतं, चार दिवस जातो आणि पाचव्या दिवशी आजारी पडल्यासारखा वाटतो. हळूहळू सरकवा. दर दोन तीन दिवसांनी १५ मिनिटं, उठल्या उठल्या उजेड, आणि एकदा सरकवलं की सुट्टीला पण तीच वेळ. दोन तास सरकवायला दोन तीन आठवडे लागतात. लागू देत.

घड्याळाला दमदाटी चालत नाही याचा एक जुना किस्सा आहे. तेच क्लाइटमन १९३८ मधे एका सहकाऱ्याला घेऊन केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले, उजेड नाही, तापमान स्थिर, आणि ठरवलं की दिवस २८ तासांचा करायचा. तरुण सहकाऱ्याचं शरीर जुळलं, क्लाइटमन यांचं काही जुळलं नाही, ते आपले २४ तासांच्या आसपासच अडकून राहिले. दोघं एकाच गुहेत होते हे लक्षात घ्या. मित्राला पाचला उठणं जमतं म्हणून आपल्यालाही जमायलाच पाहिजे असं नसतं.

लवकर आडवं झालो पण झोपच येत नाही

हे हमखास विचारलं जातं. अकराला झोपणारा माणूस उद्यापासून साडेनऊला म्हणून दिवे घालवतो आणि दीड तास छताकडे बघतो. याचं कारण असं की आपल्या नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन एक तास हे दिवसातले खूप जागे तास असतात, शरीराचं घड्याळ तेव्हा साठलेल्या दाबाला थोपवून धरत असतं. त्या वेळात जबरदस्तीने पडलात तर झोप येणार नाहीच, वर बिछाना म्हणजे तळमळायची जागा असं डोक्यात बसतं. झोपायची वेळ हुकुमाने आणता येत नाही, उठायची वेळ आणता येते, म्हणून नेहमी उठण्यापासून सुरुवात करा, दोन चार दिवस सकाळी लवकर उठलात की रात्रीची वेळ आपोआप अलीकडे येते.

आणि पडल्यावर वीसेक मिनिटं झाली, म्हणजे घड्याळ न बघता अंदाजाने, आणि झोप नाही, तर उठा. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करा आणि पेंग आली की परत या. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मधे हा उपाय मांडला, ऐकायला फालतू वाटतो पण निद्रानाशावरच्या उपचारात आजही हा असतोच.

किरकोळ पण नेहमी निसटणाऱ्या गोष्टी

कॅफिन: शरीरातलं निम्मं कॅफिन जायला साधारण ५ तास लागतात, काहींना बरेच जास्त. संध्याकाळी पाचला घेतलेल्या कॉफीतलं पाव कॅफिन रात्री तीनलाही आत आहे. "मला कॉफी पिऊनही झोप लागते" म्हणणाऱ्यांची झोप लागते हे खरं, पण ती पातळ होते. दोन आठवडे दुपारनंतर बंद करून बघा, एवढा सोपा प्रयोग दुसरा नाही.

दारू: झोप पटकन लागते, पहिल्या भागातली रेम दाबली जाते आणि उत्तररात्री झोपेचं खोबरं होतं. हिशोबात आठ तास दिसतात.

स्नूझ: शेवटचा अर्धा तास तुकड्या तुकड्यात काढण्यापेक्षा गजरच अर्धा तास पुढे लावा ना. गजर खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

मनगटावरचं यंत्र: ते हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतं. झोपलात की जागे होतात हे बऱ्यापैकी सांगतं, पण गाढ किती, रेम किती हे खरं कळायला मेंदूच्या लहरी, डोळे आणि स्नायू यांची नोंद लागते, ती प्रयोगशाळेत होते. त्यामुळे "आज गाढ झोप फक्त ४१ मिनिटं" बघून सकाळी सकाळी डोक्याला ताप करून घेऊ नका. हलक्या झोपेत उठवणारा गजर पण असतो, तो वापरा हवं तर, पण ठरलेल्या वेळेच्या किती आधी उठवायचं ती मुभा दहा पंधरा मिनिटांचीच ठेवा, अर्ध्या तासाची ठेवलीत तर तो रोज पंचवीस मिनिटं आधी उठवू शकतो आणि ती झोप तुमच्याच खात्यातून जाते.

मग वेळ ठरवायची कशी

उठायची वेळ एकच ठरवा, जी सुट्टीलाही झेपेल अशी. समजा साडेसहा. त्यातून साडेसात तास मागे या, आणखी १५ मिनिटं झोप लागायला, म्हणजे पावणेअकराला दिवे बंद. हो, हे साडेसात पाच चक्रांएवढेच आहेत, पण इथे ते फक्त सुरुवातीचा अंदाज म्हणून घेतलेत कारण बऱ्याच मोठ्या माणसांची गरज सात ते आठच्या मधे कुठेतरी निघते.

आता दोन आठवडे एका कागदावर रोज सकाळी चार गोष्टी लिहा: दिवे कधी घालवले, झोप अंदाजे कधी लागली, उठलो कधी, आणि उठल्यावर तासाभराने कसं वाटलं, पाचपैकी किती. रात्री घड्याळ बघून लिहू नका, सकाळी आठवून लिहा, चुकलं तर चुकलं. पहिल्या आठवड्यावरून काही ठरवू नका कारण तेव्हा जुनी उधारी फिटत असते. दुसऱ्या आठवड्यात गजराच्या आधी पाच दहा मिनिटं आपणहून जाग यायला लागली आणि आकडा चारच्या आसपास आला तर तुमची वेळ सापडली. गजराशिवाय उठवतच नसेल तर दिवे १५ मिनिटं आधी घालवा, परत एक आठवडा. पडल्यावर रोज अर्धा पाऊण तास झोप येत नसेल आणि दिवसा तरतरीत असाल तर उलटं, १५ मिनिटं उशिरा पडा. मी असं करत करत सात तास चाळीस मिनिटांवर स्थिरावलो, आता याला नव्वदने भागा, काहीच येत नाही.

लांब सुट्टी मिळाली तर आणखी चांगली चाचणी होते. आठ दहा दिवस गजर बंद, झोप आली की झोपायचं, उठलो की उठायचं. पहिले तीन चार दिवस भरमसाठ झोपाल ते मोजू नका, उरलेल्या दिवसांची सरासरी काढा, ती तुमची गरज.

९० मिनिटं खरंच कामाला येतात ती जागा

दुपारची झोप. इथे पहिलाच फेरा चालू असतो, आधीची चूक साचलेली नसते, म्हणून अंदाज बऱ्यापैकी बसतो. वीस मिनिटांत उठलात तर गाढ झोपेत शिरायच्या आत बाहेर पडता, तरतरी येते. पाऊण तास ते तासाभराला गजर लावलात तर बरोबर गाढ झोपेत वाजतो आणि उठल्यावर संध्याकाळ आहे की सकाळ तेच कळत नाही. रात्रपाळी असेल किंवा आदली रात्र गेलीच असेल तर दीड तास पूर्ण घ्या. एरवी वीस, आणि तीनच्या आधी, नाहीतर रात्रीचा दाब उतरतो.

मधे रात्री तीनला जाग येते त्यांच्यासाठी: दोन फेऱ्यांच्या सांध्यावर क्षणभर जाग येणं हे सगळ्यांना होतं, सकाळी आठवत नाही एवढंच. प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा त्या सांध्यावर आपण मोबाईल बघतो, किती वाजले ते कळतं, आणि "अरे आता साडेतीनच तास उरले" असा हिशोब सुरू होतो. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा.

घरात तान्हं बाळ असेल तर ९० चं गणित पूर्ण बाजूला ठेवा, त्याचं चक्र ५० ते ६० मिनिटांचं असतं आणि तुमचं काहीही असलं तरी तेच उठवणार. वयात आलेल्या मुलांचं घड्याळ नैसर्गिकच उशिराकडे सरकतं आणि त्यांना लागतात ८ ते १० तास, त्यामुळे अकरालाही झोप न येणारा पोरगा आळशी आहे असं धरून ओरडण्याआधी रात्रीचा उजेड आणि सकाळचा उजेड बघा.

आणि हे सगळं महिनाभर नीट केलं, साडेसात आठ तास झोप होतेय, वेळ पक्की आहे, तरी दिवसा झापड जात नाही, तर वेळापत्रकाशी खेळत बसू नका. मोठ्याने घोरणं आणि मधेच श्वास अडकल्यासारखं होणं, सकाळी डोकेदुखी, रात्री पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं, गाडी चालवताना डोळा लागणं, किंवा आठवड्यातून तीन रात्री झोप येत नाही आणि तीन महिने झालेत, यातलं काहीही असेल तर डॉक्टर. घोरण्याचं आपल्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला विचारा. जाताना तो दोन आठवड्यांचा कागद घेऊन जा, पहिला प्रश्न किती वाजता झोपता आणि किती वाजता उठता हाच असतो आणि तिथे अंदाजे सांगितलं की पुढचं सगळं अंदाजेच होतं.